क्लाउडसाठी डेबियन इमेज: तयार घ्यावी की शून्यातून बांधावी?

डेबियन 12 (2023) या लिनक्स प्रणालीची 'जेनेरिकक्लाउड' इमेज (क्लाउडवर मशीन उभं करायची तयार डिस्क-फाइल) उतरवून घेतली की अर्धं काम झालेलं असतं. कर्नल (प्रणालीचा गाभा) क्लाउडपुरतंच, खऱ्या मशीनचे बहुतेक ड्रायव्हर आधीच गाळलेले, पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारं क्लाउड-इनिटही आत. व्हर्ट-कस्टमाइझ या इमेज बदलणाऱ्या साधनाने हवी ती पॅकेजेस घालायची, नको ती काढायची. पण गंमत अशी की पॅकेजेस काढूनही इमेजची क्यूकाउ2 फाइल तेवढीच जाड राहते. फाइलसिस्टिमने जागा मोकळी केली, तरी ते ब्लॉक इमेजमध्ये पडूनच असतात. असे ब्लॉक गाळणारं व्हर्ट-स्पार्सिफाय चालवा, मग आकार उतरतो.

दुसरी वाट डेबूटस्ट्रॅपची, म्हणजे मूळ डेबियन शून्यातून उभं करणाऱ्या साधनाची. 'मिनबेस' प्रकारात अत्यावश्यक पॅकेजेस आणि ॲप्ट (पॅकेजेस बसवणारं साधन), बस्स. आत काय आहे ते तुम्हीच घातलेलं, त्यामुळे सुरक्षा तपासणीत उत्तरं द्यायला सोपं. मात्र कर्नल, बूट सुरू करणारं ग्रब, पार्टिशन, क्लाउड-इनिट, डिस्क वाढवणारं ग्रोपार्ट सगळं आपल्याच गळ्यात. एक राहिलं की मशीन बूटच होत नाही, नाहीतर बूट होऊनही आत शिरता येत नाही.

मशीन-आयडी (प्रत्येक मशीनची वेगळी ओळख) आणि एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या, होस्ट-कीज मात्र दोन्हीकडे पुसाव्याच लागतात. आयडी तसाच राहिला तर एकाच इमेजचे दोन क्लोन आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडे एकच ओळख सांगून एकाच आयपीवर भांडू शकतात.

माझं मत विचाराल तर महिन्याला एक-दोन इमेज लागत असतील तर तयारच घ्या. शून्यातून बांधणं परवडतं ते इमेज आपोआप बांधणारी पाइपलाइन असलेल्यांना.