सिम्प पॅनल की लाइन-१? दोन्ही करून बघितल्यावर

जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले ट्यूमरचे तुकडे) आहेत, पेशंटचा फॉलोअप आहे आणि मेथिलेशनवरून, म्हणजे डीएनएवरच्या मेथिल खुणांवरून, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं पुढे काय होतं ते बघायचंय, मग सिम्प पॅनल (ठरावीक जीन्सवर मेथिलेशन चढलंय का ते बघणारी टेस्ट) लावू की लाइन-१ (जीनोमभर विखुरलेल्या एका क्रमाचं मेथिलेशन मोजणारी टेस्ट), असं हल्ली दोन-तीन जणांनी विचारलं. ॲरे (एका वेळी असंख्य जागांचं मेथिलेशन मोजणारी चिप) लावण्याइतका डीएनए आणि पैसा असेल त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी सुरुवात सिम्पपासून केली. २००६ साली वायझेनबर्गर आणि मंडळींनी निवडलेली पाच जीन्स, म्हणजे कॅकना१जी, आयजीएफ२, न्यूरोजी१, रनएक्स३, सॉक्स१, त्यातली तीन मेथिलेटेड निघाली की ट्यूमर सिम्प पॉझिटिव्ह, झालं. ब्राफ या कॅन्सरशी जोडलेल्या जीनच्या म्युटेशनशी नातं इतकं घट्ट की बायोलॉजी समजून घ्यायला याच्यासारखं दुसरं नाही. सर्व्हायव्हलला आलात की मात्र गुंता होतो, कारण सिम्पवाल्या बऱ्याच ट्यूमरमध्ये एमएलएच१ हे डीएनए दुरुस्त करणारं जीन पण बंद पडलेलं असतं, म्हणजे एमएसआय (दुरुस्तीअभावी डीएनएचे छोटे पुनरावृत्त भाग अस्थिर होणं), आणि त्यांचं सहसा बरं चालतं, उलट एमएसआय नसताना ब्राफ म्युटेशन असेल तर अवघड असतं. यात सिम्पचा स्वतःचा वाटा किती हे मॉडेलमध्ये सुटं करताना दमछाक होते.

तेही मी चालवून घेतलं असतं. वैताग आणला तो पीएमआरने, म्हणजे मेथिलेशनच्या टक्केवारीने. प्रत्येक जीनचा आकडा आपण पूर्ण मेथिलेट केलेल्या रेफरन्स डीएनएच्या तुलनेत काढतो आणि १० च्या वर गेला की पॉझिटिव्ह धरतो. आमचा रेफरन्स संपला, नवा बनवला, मेथिलेट करणाऱ्या एन्झाइमने काम अर्धवट केलं असणार, कारण भाजक लहान झाला आणि सगळे आकडे वर सरकले, एक तर १२० वर. म्हणजे शंभर टक्क्यांपेक्षा जास्त मेथिलेशन! हसून सोडून दिलं असतं, पण एका ब्लॉकचं रनएक्स३ आधी ८.६ होतं ते ११.२ झालं आणि तेवढ्यावर तो पेशंट दोन जीन्सवरून तीनवर, निगेटिव्हमधून पॉझिटिव्हमध्ये. ट्यूमर तोच, ट्यूबमधला डीएनए पण तोच. असे चार निघाले आणि आमचा सर्व्हायव्हल कर्व्हच बदलला. त्या दिवशी माझं मन उडालं.

लाइन-१ ला ही भानगड नाही. बायसल्फाइट प्रक्रियेत मेथिलेशन नसलेला सी पुढे टी म्हणून वाचला जातो; पायरोसिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं एकेक करून वाचण्याची पद्धत) या सी आणि टी चं प्रमाण त्याच सॅम्पलमध्ये मोजलं जातं, बाहेरचा भाजक लागत नाही, शिवाय सीपीजीमध्ये (सी च्या पुढे जी, मेथिलेशन सहसा इथेच) नसलेला एखादा सी वाटेत तपासायला ठेवता येतो, तिथे पीक दिसला की बायसल्फाइट नीट झालेलं नाही हे लगेच कळतं. जीनोमचा साधारण १७ टक्के भाग लाइन-१ चाच, प्रती लाखांनी, त्यामुळे तुकडे-तुकडे झालेल्या डीएनएवरही पीसीआर सहसा निघतो. आकडा जितका खाली तितकं पुढचं वाईट, हे संशोधक ओगिनोंच्या गटाने २००८ मध्ये कोलन कॅन्सरवर दाखवलं आणि एमएसआय, सिम्प, ब्राफ हिशेबात धरूनही ते टिकलं. मुख्य म्हणजे आकडा जसाच्या तसा मॉडेलमध्ये टाकता येतो, कोण रेषेच्या अलीकडे कोण पलीकडे हा वाद नको.

अर्थात लाइन-१ चेही नखरे आहेत. आजूबाजूचे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) आले की आकडा फुगतो. एकदा मी घाईत स्लाइडवरचं सगळंच खरवडलं, ७१ आला, पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमर आखून घेऊन परत केलं तर ५८. आणि लिंच सिंड्रोमचा (आनुवंशिक कॅन्सरचा) संशय असलेल्या केसमध्ये एमएलएच१ चं मेथिलेशन बघायचं असेल तर लाइन-१ काही कामाचं नाही, तिथे वेगळी टेस्ट लागणारच. सेरेटेड पाथवे (करवती कडांच्या गाठींपासून कॅन्सर होण्याचा मार्ग) हाच तुमचा प्रश्न असेल तरी सिम्पच करा, मी अडवणार नाही.

फक्त रेफरन्स डीएनए एकदाच भरपूर बनवा, छोट्या ट्यूबमध्ये वाटून फ्रीझरला टाका आणि सगळे सॅम्पल त्याच लॉटवर उरका.