दोन खोल्यांच्या घरात मिनिएचर रंगवायचं कपाट: पावसाळा धरून वर्षभराचा अनुभव

आधी निकाल सांगते. घर लहान असेल, घरात लहान मूल असेल आणि रंगवायला रात्री तासभरच मिळत असेल, तर नवे रंग घेण्याआधी भिंतीवर एक कपाट करून घ्या. दार खाली आडवं उघडलं की त्याचंच टेबल होतं, असं कपाट. उन्हाळा, आपला कोल्हापूरचा पावसाळा आणि थंडी, तिन्ही ऋतूंत मी ते जवळजवळ रोज वापरलंय. काय चांगलं निघालं आणि कुठं अडतं, ते सविस्तर लिहिते.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर खेळायच्या युद्धखेळांतली प्लॅस्टिकची किंवा धातूची छोटी माणसं आपण स्वतः फ्रेममधून कापायची, चिकटवायची आणि रंगवायची. बहुतेकांची सुरुवात गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या वॉरहॅमर 40,000 पासून होते. हा खेळ 1987 साली इंग्लंडमध्ये आला. ऐतिहासिक लढायांची माणसंही याच मापाची मिळतात, म्हणजे तळपायापासून डोळ्यापर्यंत साधारण 28 मिलिमीटर. अशी दहा-वीस माणसं एका तुकडीत असतात आणि तुकडी पुरी व्हायला कित्येक रात्री जातात. म्हणून खरा प्रश्न असतो अर्धवट काम ठेवायचं कुठं हा.

आमचं घर शाहूपुरीत, तळमजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात सासूबाई, नवरा, मी आणि चार वर्षांची मुलगी. पूर्वी मी जेवणाच्या टेबलावर बसायचे. रंग काढा, दिवा लावा, पाणी आणा, आणि उठताना सगळं परत डब्यात भरा. यातच निम्मा वेळ जायचा, आणि ओली माणसं फ्रिजवर ठेवावी लागायची. आता दार उघडलं की कालचा ब्रश जिथं ठेवला तिथंच असतो, पॅलेटवर कालचाच रंग ओला असतो, आणि पाचव्या शिपायाचा पट्टा राहिलाय हे बघितल्या बघितल्या कळतं. दोन मिनिटांत ब्रश हातात. वर्षभरात माझ्या हातून जेवढं काम झालं, त्याचं निम्मं श्रेय या एका गोष्टीला देईन.

आता बांधणी. 2019 आणि 2021 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं होतं, त्यामुळं नवीन फर्निचर शक्यतो जमिनीला टेकवायचं नाही असं घरात ठरलंय. कपाट भिंतीवर टांगायचं हे तिथंच नक्की झालं. रुंदी तीन फूट, आतली जागा आठ इंच, आणि दार आडवं झालं की वीस इंचांची फळी. प्लाय 19 मिलिमीटरचा, 710 ग्रेडचा मरीन. साध्या प्लायपेक्षा महाग पडतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या भिंतींना ओल येते आणि तरीही दार कुठं घासलं नाही की फुगलं नाही. वर सनमायका मॅट राखाडी रंगाची घ्या. चकचकीत घेतली तर दिव्याचा उजेड थेट डोळ्यांत येतो, आणि पांढऱ्यावर फिकट रंगाचे छोटे भाग पडले तर दिसत नाहीत. बिजागरी पियानोची, फळीच्या पूर्ण लांबीची. सुतारमामांनी बसवतानाच सांगितलं, “ताई, नुसत्या बिजागरीवर वजन टाकू नका. दोन्ही बाजूनं साखळी देतो, मग टेका कोपरं निवांत.” कोपरं टेकणं हे या कामात फार महत्त्वाचं आहे, म्हणून फळी जमिनीपासून 32 इंचांवर घेतली. जेवणाच्या टेबलापेक्षा जरा उंच. पाठ वाकत नाही आणि माणूस आपोआप डोळ्यांसमोर येतो.

कपाटाच्या आतल्या पाठीला मी जीआय पत्रा लावलाय, उद्यमनगरातून मापात कापून आणलेला. प्रत्येक माणसाच्या बेसखाली, म्हणजे तो ज्या चकतीवर उभा असतो तिच्याखाली, पाच मिलिमीटरचा छोटा लोहचुंबक चिकटवायचा, की सगळी तुकडी उभ्या पत्र्यावर राहते आणि खालची फळी मोकळी. पत्रा घेताना भांड्यांचं स्टेनलेस स्टील घेऊ नका; 304 ग्रेडला लोहचुंबक धरत नाही. प्लॅस्टिकच्या माणसाला एक चुंबक पुरतो. धातूची माणसं जड असतात, त्यांना दोन लावा, नाहीतर दार जोरात लागलं की खाली येतात.

दिव्याबद्दल. ट्यूबच्या उजेडात तपकिरी आणि गडद लाल यांत फरक कळत नाही. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त आणि 5000 ते 6500 केल्विन असं लिहिलेलं बघून घ्या. दिवे दोन हवेत, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, म्हणजे ब्रशची सावली नेमकी रंगवायच्या जागेवर पडत नाही. मी आधी घेतलेल्या वाकत्या मानेच्या दिव्याची मान काही महिन्यांतच खाली पडायला लागली. आता कपाटाच्या वरच्या फळीलाच एलईडीच्या दोन पट्ट्या स्क्रूनं बसवल्यात. त्या हलत नाहीत आणि फळीवरची जागाही खात नाहीत.

ओल्या पॅलेटवर मात्र मी जरा जास्त लिहिणार, कारण कोल्हापूरच्या हवेत त्याच्याशिवाय या छंदात मजा नाही असं माझं ठाम मत आहे. एप्रिल-मेमध्ये पंखा लावल्याशिवाय बसवत नाही, आणि पंख्याखाली ॲक्रिलिक रंग साध्या टाइलवर काही मिनिटांत वाळतो. बाजारात तयार पॅलेट मिळतात, माझं घरचं आहे. घट्ट झाकणाचा चपटा डबा, त्यात पातळ स्पंज, स्पंज बुडेल न बुडेल इतकं पाणी आणि वर बेकिंगचा कागद. दुकानात बटर पेपर मागितला की कधीकधी ट्रेसिंगसारखा कागद देतात. तो पाण्यात सुरकुततो आणि फाटतो. केकच्या साच्यात घालतात तोच मागून घ्या. कागदातून ओल हळूहळू वर येते आणि रंग कित्येक तास, झाकण लावलं तर दोन-तीन दिवस, ओला राहतो. दोन रंगांच्या मधली छटा करायची तर शेजारी शेजारी दोन थेंब टाकून ब्रशनं मध्ये ओढत जायचं, एका पट्टीत चार छटा मिळतात आणि दुसऱ्या रात्री त्याच छटा परत वापरता येतात. धातूचे रंग, म्हणजे सोनेरी-चंदेरी, यावर काढू नका. त्यातली चमक पाण्याबरोबर पसरते आणि मग सगळ्याच रंगांत लुकलुकते. वॉश, म्हणजे खाचांत उतरून सावली देणारा रंग, तोही वेगळ्या वाटीत घ्या, तो आधीच पातळ असतो. पावसाळ्यात स्पंजाला वास येतो आणि कागदाखाली बुरशी धरते. मी डब्यात तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवते, पण भिस्त त्यावर नाही. आठवड्याला स्पंज उकळत्या पाण्यातून काढते आणि कागद बदलते.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पहिल्या थराचा, डबा फवारायचा तर पावसाळा सोडून. हवेत दमटपणा असला की फवारा माणसापर्यंत जाताना खरखरीत होतो, चेहऱ्याचे बारकावे बुजतात. मॅट वॉर्निशचा फवारा तर पांढरा धुरकट थर सोडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी दोन्ही ब्रशनंच लावते. पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पुढं. वेळ लागतो, पण भरवशाचं काम होतं. बाकीच्या महिन्यांत गच्चीवर, सकाळी. कपाटापुढं बसून फवारा मारायचा नाही, घरात वास राहतो आणि मूल आहे.

डोळे रंगवायला मी शिकले ते आमच्या जवळच्या कुंभार गल्लीत. गणपतीच्या आधी तिथं डोळ्यांची आखणी चालू असते, तेव्हा हात कसा टेकवतात ते नीट बघा. करंगळी मूर्तीवरच टेकलेली, मनगट स्थिर आणि फक्त बोटं हलतात. आपल्या माणसाचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, पण रीत तीच. मी आधी डोळ्याच्या जागी गडद तपकिरी आडवी रेघ मारते. तिच्यात पांढरा भरत नाही, फिकट हस्तिदंती भरते, कारण शुभ्र पांढऱ्यानं माणूस दचकल्यासारखा दिसतो. मग बुबुळाचा ठिपका न देता वरपासून खालपर्यंत एक उभी काळी रेघ, आणि शेवटी वर-खाली कातडीचा रंग ओढून डोळा हवा तेवढा बारीक करायचा. ठिपका जागेवर बसवणं अवघड. रेघ हळूहळू दुरुस्त करता येते. ब्रश अगदी बारीक, दोन-शून्याचाच पाहिजे असं काही नाही. एक नंबरचा चांगल्या टोकाचा कोलिन्स्की (प्राण्याच्या केसांचा) ब्रश जास्त रंग धरतो आणि टोकावर वाळत नाही.

आता अडचणी. फळी वीस इंचांचीच आहे, त्यामुळं मोठी वाहनं किंवा टेकड्या-इमारती इथं होत नाहीत. कानस मारताना किंवा फ्रेम कापताना फळी किंचित थरथरते. ते काम मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मॅट अंथरून करते. सुपरग्लू लावल्या लावल्या दार बंद करायचं नाही. बंद जागेत त्याची वाफ आसपासच्या माणसांवर बसते आणि पांढरी बुरशी आल्यागत दिसतं. कपाटाच्या दोन्ही बाजूंना जाळीची भोकं पाडून घेतल्यापासून हा त्रास गेला. आणि भिंत विटांची आहे ना, ते आधी तपासा. आमच्याकडं चार अँकर फास्टनर घट्ट बसलेत, पण जुन्या मातीच्या भिंतीवर मी हे लावणार नाही.

बंद होतं हा मात्र फार मोठा फायदा. ब्लेड, ग्लू, सुया सगळं कडीच्या आत. सासूबाई सुरुवातीला नुसत्या बघायच्या, आता त्याच आठवण करतात, “कडी घाल गं, पोरगी उठायच्या आत.” एका संध्याकाळी त्यांनी भिंग घेऊन एका मावळ्याचं पागोटं निरखलं आणि पदर कुठल्या बाजूला सुटतो ते मला सांगितलं. मी ते तसंच परत रंगवलं.

मावळ्यांचं असं, की सध्या 13 जुलै 1660 ची पावनखिंड करतेय. माणसं थ्रीडी प्रिंट करून घेतलीत. बेससाठी माती पन्हाळ्याच्या बाजूची, जांभ्याची. चहाच्या गाळणीतून चाळायची, तव्यावर कोरडी भाजायची आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर भुरभुरायची. ओली असताना काळपट दिसते, वाळली की मूळ लाल येते, वॉर्निशनं परत थोडी गडद होते. हे धरूनच पुढचा रंग ठरवा. पाकिटातली कुठलीही तयार माती या लाल रंगाला पोचत नाही.

खेळायच्या जागेचं वेगळं जुळवलंय. वॉरहॅमरच्या नेहमीच्या सामन्याला 60 बाय 44 इंच लागतात. आमच्याकडं 30 बाय 44 च्या प्लायच्या दोन फळ्या आहेत, एरवी दिवाणाखाली सरकवलेल्या. इचलकरंजीहून मैत्रीण आली की दिवाणावरच जोडतो.

खर्च प्लाय, सनमायका, बिजागरी, पत्रा आणि मजुरी धरून 9,000 रुपयांच्या आसपास आला. त्या मैत्रिणीलाही आता असंच कपाट करायचंय आणि तिला फळी 24 इंचांची हवी आहे. सुतारमामांचं म्हणणं, तेवढ्याला साखळीवर भागणार नाही, पुढं दुमडते पाय लावावे लागतील. तिच्या घरी भिंतही विटांची आहे, त्यामुळं मी तिला हो म्हणून सांगितलंय.