अ‍ॅन्सिबलसोबत दहा महिने: ही व्हॅल्यू आली कुठून?

मागच्या सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या तोंडावर, आम्ही आमची सगळी सर्व्हर मशिनं, अनेक मशिनांची सेटिंग एका जागेवरून लावणाऱ्या अ‍ॅन्सिबलवर आणली. आता जून संपत आलाय. मधे द्राक्षाचा एक पूर्ण हंगाम गेला, त्यामुळे लिहिण्याजोगं बरंच साठलंय.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. नाशिकला गंगापूर रोडवर आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाउसना वजनकाट्यापासून पेटीवरच्या लेबलपर्यंतचं सॉफ्टवेअर आम्ही देतो. दिंडोरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंतकडच्या पॅकहाउसमधे मिळून १४ लिनक्स मशिनं आहेत, ३ क्लाउडवर. हंगामात लेबल छापणं थांबलं की पेट्या तशाच पडून राहतात, प्री-कूलिंगला जात नाहीत, आणि बाहेर कंटेनर उभा. अशा वेळी फोन येतो तो थेट माझ्या मोबाइलवर.

पूर्वी मी प्रत्येक मशिनवर एसएसएचनं (दूरच्या मशिनवर शिरायचा सुरक्षित मार्ग) जाऊन हातानं बदल करायचे. कुठल्या मशिनवर काय बदललं ते एका वहीत लिहिलेलं असायचं, आणि वही कायम एका बदलानं मागे असायची.

अ‍ॅन्सिबल निवडलं त्याचं कारण साधं: समोरच्या मशिनवर कुठलाही एजंट, म्हणजे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, बसवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की झालं. पॅकहाउसमधली आमची काही मशिनं जुनी आहेत, त्यांच्यावर आणखी एक सेवा चोवीस तास चालवायची माझी तयारी नव्हती. हे टूल २०१२ पासून आहे, २०१५ मधे रेड हॅटनं ते घेतलं, आणि मुक्त स्रोत असल्यामुळे पैसे लागत नाहीत. बसवणं, पहिलं प्लेबुक, म्हणजे कुठल्या मशिनवर काय करायचं त्याची यादी, लिहिणं, हे सगळं दोन दिवसांत झालं. त्यावर जास्त लिहीत नाही, ते कुणालाही जमेल.

खरी परीक्षा झाली ती फोल्डरांच्या मांडणीत आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे, म्हणजे प्रोग्रॅमला सुरू होताना बाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यूंमधे.

मांडणीचं आधी. रोल म्हणजे एका कामाला लागणाऱ्या फाइलींचा संच. त्याच्या आत टास्क, हँडलर, टेम्पलेट (व्हॅल्यू भरायचे साचे), फाइल्स, डिफॉल्ट्स, व्हार्स (व्हेरिएबल) असे ठरलेल्या नावांचे फोल्डर असतात, आणि बहुतेकांत मेन नावाची एक वायएमएल फाइल. हे मला मनापासून आवडलं. चार महिन्यांनी जरी रोल उघडला तरी कुठे काय असेल ते डोळे मिटून सांगता येतं. घोटाळा होतो तो व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेली व्हॅल्यू, कुठे ठेवायचं यात. अधिकृत दस्तऐवजात व्हेरिएबलच्या अग्रक्रमाच्या २२ पायऱ्या दिल्या आहेत. तळाच्या टोकाला रोलचे डिफॉल्ट्स, अगदी वर कमांडबरोबर दिलेले एक्स्ट्रा व्हार्स, आणि मधे बाकीचं सगळं. ग्रुप व्हार्सचा, म्हणजे मशिनांच्या एका गटाच्या व्हेरिएबलचा, फोल्डर इन्व्हेंटरीशेजारी (मशिनांच्या यादीशेजारी) ठेवता येतो आणि प्लेबुकशेजारीही. दोन्हीकडे एकाच ग्रुपसाठी एकच नाव असेल तर प्लेबुकशेजारचं जिंकतं.

पहिले तीन महिने आम्ही दोन्हीकडे ठेवत होतो. कारण काहीच नाही, ज्याला जिथे सुचलं तिथे त्यानं लिहिलं. डिसेंबरात पिंपळगावच्या एका मशिनवर लेबल प्रिंटरचा पोर्ट सारखा जुना यायला लागला. आमच्याकडच्या नव्या मुलानं इन्व्हेंटरीकडची फाइल तीनदा बदलली, तीनदा प्लेबुक चालवलं, पोर्ट जुनाच. शेवटी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, मी लिहिलंय ते बरोबर आहे, तुम्हीच बघा. मग ही व्हॅल्यू येते तरी कुठून?" ती येत होती प्लेबुकशेजारच्या, आम्ही दोघंही विसरलेल्या फाइलमधून.

त्याच आठवड्यात दुसरा प्रकार. एक मशीन कोल्ड आणि पॅकहाउस अशा दोन ग्रुपांत होतं आणि दोन्हींत लॉग किती दिवस ठेवायचे याची वेगवेगळी संख्या होती. दोन ग्रुप एकाच पातळीवर असतील तर अ‍ॅन्सिबल ते इंग्रजी वर्णक्रमानं लावतं आणि शेवटचं जिंकतं. म्हणजे कोल्डला सीपासून सुरुवात, पॅकहाउसला पीपासून, म्हणून पॅकहाउसची संख्या लागू. ग्रुपला नाव काय दिलं यावरून सर्व्हरचं वागणं ठरावं, हे मला अजूनही पटलेलं नाही. प्रायॉरिटी नावाचं एक व्हेरिएबल देऊन हा क्रम बदलता येतो. आम्ही ते वापरलं नाही. त्याऐवजी एक व्हेरिएबल एकाच ग्रुपात, असा नियम केला.

नाताळच्या सुट्टीत सगळी मांडणी मोडून परत केली. आता लाइव्ह आणि टेस्ट अशा दोन वेगळ्या इन्व्हेंटरी, प्रत्येकीच्या पोटात तिचे स्वतःचे ग्रुप व्हार्स आणि होस्ट व्हार्स (एकेका मशिनची व्हेरिएबल). प्लेबुकशेजारी ग्रुप व्हार्स ठेवायला बंदी. रोलच्या डिफॉल्ट्समधे त्या रोलला लागणारं प्रत्येक व्हेरिएबल एका ओळीच्या कॉमेंटसह. रोलचे व्हार्स जवळपास रिकामे, कारण तिथे लिहिलेलं ग्रुप व्हार्सला दाबून टाकतं आणि मग इन्व्हेंटरीतून काही बदलता येत नाही. २२ पैकी आम्ही आता चारच पायऱ्या वापरतो. जानेवारीपासून पोर्टसारखा प्रकार एकदाही झाला नाही.

आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे कळायला मला फेब्रुवारी उजाडला.

पहिली, अ‍ॅन्सिबलची स्वतःची. ही आपल्या लॅपटॉपवर असतात. कॉन्फिग फाइल शोधताना टूल आधी अ‍ॅन्सिबल कॉन्फिग हे व्हेरिएबल बघतं, मग आपण उभे असलेल्या फोल्डरमधली फाइल, मग होममधली, शेवटी इटीसीमधली. जी पहिली सापडेल तीच घेतं, बाकीच्यांचं काही मिसळत नाही. आमचा तो मुलगा विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरतो. त्यानं सगळा कोड सी ड्राइव्हवर ठेवला होता. डब्ल्यूएसएलमधून सी ड्राइव्हचे फोल्डर सगळ्यांना लिहिता येण्याजोगे दिसतात, आणि अशा फोल्डरमधली कॉन्फिग फाइल अ‍ॅन्सिबल सुरक्षेसाठी घेतच नाही. वर एक सूचना छापतं आणि पुढे जातं. त्याला ती सूचना दिसली नाही, त्याची सकाळ गेली. कोड लिनक्सच्या होममधे हलवला, प्रश्न मिटला.

माझी चूक याहून मोठी. हात वाचावा म्हणून मी बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच वाचली जाणारी फाइल) अ‍ॅन्सिबल इन्व्हेंटरी हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट करून ठेवलं होतं, लाइव्हकडे बोट दाखवणारं. कॉन्फिग फाइलपेक्षा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं वजन जास्त. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी टेस्टच्या फोल्डरमधे उभी राहून अर्धवट रोल चालवला. तो गेला थेट पॅकहाउसना. दिंडोरीकडच्या एका पॅकहाउसच्या सुपरवायझरांचा फोन आला, "मॅडम, छपाई बंद पडली, पोरं हात बांधून उभी आहेत." वीस मिनिटांत परत फिरवलं, पण ती वीस मिनिटं मला आजही आठवतात. त्या रात्री बॅशआरसीतली ओळ काढली आणि कॉन्फिगमधूनही इन्व्हेंटरी काढून टाकली. आता कमांडमधे इन्व्हेंटरीचं नाव स्वतः लिहिल्याशिवाय आमच्याकडे काही हलत नाही. चार अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, ती करावीत.

दुसरी गोष्ट, टास्कवर लावायचा एन्व्हायर्नमेंट हा शब्द. तो समोरच्या मशिनवर, त्या टास्कपुरताच लागू होतो. प्रॉक्सीमागच्या दोन पॅकहाउसमधे पॅकेज उतरवायला तो फार कामाचा. पण टेम्पलेटमधे लुकअप एन्व्ह लिहिलं तर ते समोरच्या मशिनचं वाचत नाही, आपल्या लॅपटॉपचं वाचतं. मी होम असं लुकअपनं घेतलं होतं आणि माझ्या लॅपटॉपच्या होमचा पत्ता चौदाही मशिनांच्या बॅकअप स्क्रिप्टमधे जाऊन बसला. समोरचं हवं असेल तर फॅक्ट्समधलं (टूलनं समोरच्या मशिनकडून गोळा केलेली माहिती) अ‍ॅन्सिबल एन्व्ह घ्यायचं. शिवाय कमांड लॉगिन शेलमधून चालत नाहीत, त्यामुळे समोरच्या मशिनच्या प्रोफाइल फाइलमधे लिहिलेलं इथे मिळेल अशी आशा धरू नका.

तिसरी, आपल्या सॉफ्टवेअरची. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, प्रिंटरचा पोर्ट. हे आम्ही टेम्पलेटमधून एका फाइलमधे लिहितो आणि लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी ती एन्व्हायर्नमेंटफाइल म्हणून वाचतो. ही फाइल शेल स्क्रिप्टसारखी दिसते, पण शेल स्क्रिप्ट नाही. ओळीच्या सुरुवातीला एक्स्पोर्ट लिहिलं तर ती ओळ सोडून दिली जाते, आणि एका व्हेरिएबलमधे दुसरं घातलं तर ते उलगडत नाही. पासवर्ड व्हॉल्टमधे एन्क्रिप्ट करून ठेवतो, टास्कला नो लॉग लावतो, म्हणजे ते स्क्रीनवर छापले जात नाहीत. फाइलची परवानगी लिहिताना अवतरण चिन्हात '०६००' असंच लिहा. मी नुसतं ६०० लिहिलं होतं. टूलनं ते दशमान धरलं, त्याचं अष्टमानात ११३० झालं. म्हणजे मालकाला फाइल वाचता येईना आणि ग्रुपला मात्र लिहिता येत होतं! सिस्टमडी रूट म्हणून वाचत असल्यामुळे सेवा व्यवस्थित चालू होती, म्हणून हे सहा आठवडे लक्षातच आलं नाही.

सगळ्यात जास्त त्रास मात्र हँडलरनं दिला. फाइल बदलली की सेवा रीस्टार्ट करायची, हे हँडलरचं काम. तो चालतो प्लेच्या शेवटी. निफाडकडे नेट मधेच जातं. फाइल लिहून झाली, पुढच्या टास्कला मशीन अनरीचेबल, त्यामुळे हँडलर राहिला. नेट आल्यावर परत प्लेबुक चालवलं, तर फाइल आधीच बरोबर, बदल शून्य, मग हँडलरला कोण उठवणार? रिपोर्ट हिरवागार, फाइलमधे नवा पत्ता, आणि चालू प्रोसेसकडे जुना, कारण प्रोसेसला तिचं एन्व्हायर्नमेंट सुरू होतानाच मिळतं. फोर्स हँडलर्सचा पर्याय टास्क फेल झाला तर वाचवतो, मशीनच गायब झालं तर नाही. आता फाइल लिहिल्याबरोबर फ्लश हँडलर्स करतो, म्हणजे शेवटाची वाट न बघता हँडलर तिथेच चालवतो, आणि शेवटी एक तपासणी ठेवली आहे: फाइलची वेळ सेवेच्या सुरुवातीनंतरची निघाली तर प्ले लाल. हंगामात या तपासणीनं दोनदा पकडून दिलं.

वेगाबद्दल थोडंसं. मुळात पाचच मशिनांवर एकावेळी काम होतं. आम्ही फोर्क्स (एकावेळची मशिनं) १० केले आणि पाइपलायनिंग, म्हणजे एसएसएचच्या कमी फेऱ्या, चालू केलं, तेवढ्यावर भागतं.

हे सगळं वाचून कुणी विचारेल, मग सोडलं का नाही? कारण मार्चमधे निफाडच्या एका मशिनची डिस्क गेली. दुपारी नवं मशीन लावलं, प्लेबुक चालवलं, चहा होईपर्यंत ते बाकीच्यांसारखं उभं होतं. पूर्वी याला दीड दिवस लागायचा, तोही वही बरोबर असेल तर. हे टूल आम्ही पुढेही वापरणार आहोत, आणि पाच-सहापेक्षा जास्त मशिनं सांभाळणाऱ्या कुणालाही मी ते घ्यायलाच सांगेन.

एक तक्रार मात्र उरते. टूलच्या सेटिंगसाठी अ‍ॅन्सिबल-कॉन्फिग डंप ही कमांड आहे, ओन्ली चेंज्ड लावलं की बदललेली प्रत्येक सेटिंग एन्व्हायर्नमेंटमधून आली की कुठल्या फाइलमधून ते शेजारीच लिहिलेलं मिळतं. व्हेरिएबलसाठी असं काही नाही. अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरीला होस्ट विचारला तर शेवटची व्हॅल्यू मिळते, ती कुठल्या फाइलनं दिली ते नाही, आणि रोलचे डिफॉल्ट्स तर त्यात येतच नाहीत. आमच्या पॅकहाउसमधून युरोपला जाणारी पेटी तिच्या बागेपर्यंत मागे शोधता येते, निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ग्रेपनेटवर त्या प्लॉटची नोंद असते. मला माझ्या पोर्टच्या आकड्याची तेवढीच नोंद हवी आहे. तोवर आमचा तो मुलगा नवं व्हेरिएबल लिहिण्याआधी सगळ्या फोल्डरांत ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारतो, आणि कमिटच्या (कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या) संदेशात किती ठिकाणी सापडलं तो आकडा लिहितो. एकाहून जास्त असेल तर मी कमिट परत पाठवते.