आगमनकाळाचा मेणबत्ती-सेट: कडं घ्या, मेणबत्त्या वेगळ्या घ्या

नाताळाआधीच्या चार रविवारांपासून चालणाऱ्या आगमनकाळात दर रविवारी आधीच्यांच्या जोडीला एक नवी मेणबत्ती लावतात; त्यासाठीचा हा सेट. काळं लोखंडी कडं, त्यावर चार वाट्या, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी आणि मध्ये ठेवायला जाड पांढरी. कडं मजबूत आहे, दरवर्षी पुन्हा वापरता येतं. गडबड आहे ती मेणबत्त्यांच्या उंचीत. सेटमधल्या रंगीत मेणबत्त्या सहा इंची आहेत आणि तेवढ्यात आगमनकाळ निघत नाही.

हिशेब सोपा आहे. २०२६ साली पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. संध्याकाळच्या प्रार्थनेला रोज १५ मिनिटं धरली, तर २४ डिसेंबरपर्यंत पहिली मेणबत्ती साडेसहा तास जळते, दुसरी पावणेपाच, तिसरी तीन आणि चौथी जेमतेम सव्वा तास. या जाडीची मेणबत्ती तासाला साधारण इंचभर उतरते. म्हणजे पहिली नाताळाआधीच संपणार. मग लोक तिच्या जागी नवी कोरी लावतात आणि सगळी गंमतच जाते. चौथ्या रविवारी चार उंचींची उतरंड दिसली पाहिजे; किती वाट पाहिली ते तिथे डोळ्यांना दिसतं. आठ इंची घेतली तर ज्योत शेवटी कड्याभोवतीच्या पानांच्या फार जवळ येते. दहा इंचीच घ्या.

वाटीत मेणबत्ती डुगडुगत असेल तर बुडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, कागद नको. वात दर वेळी पाव इंच ठेवून कापा, नाहीतर काजळी धरते. पंखा बंद ठेवा. वाऱ्याने मेण एकाच बाजूने ओघळतं आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

कड्याभोवती आपल्याकडे सुरूच्या फांद्या लावतात. त्या लवकर वाळतात आणि वाळलेला सुरू भसकन पेटतो, म्हणून दर रविवारी बदला. थर्माकोलचं कडं किंवा प्लास्टिकची पानं असलेला स्वस्त सेट खऱ्या ज्योतीसाठी घेऊच नका. बॅटरीच्या मेणबत्त्या रुग्णाच्या खोलीत किंवा रांगतं मूल असलेल्या घरात ठीक, पण त्या झिजत नाहीत. चारही शेवटपर्यंत सारख्याच.

सोबतच्या कार्डावर चार रविवारांसाठी आशा, शांती, आनंद, प्रीती एवढंच छापलंय. फारच त्रोटक. तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्ती लावताना, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला ५:७-१० हा भाग वाचा: पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरणारा शेतकरी. पेरणी करून आभाळाकडे बघत बसणं काय असतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलं चारही मेणबत्त्या एकदम पेटवायचा हट्ट धरतात; त्यांना त्या आठवड्याची नवी मेणबत्ती लावू द्या, पण रविवारच्या आधी नाही. ही प्रथाच मुळात मुलांसाठी निघाली. जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये अनाथ-गरीब मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्न या लुथरन पाळकाने १८३९ साली चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल. मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी येणार?

सेटमधली पांढरी मेणबत्ती मात्र चांगली आहे, तीन इंच जाड. ती २४ च्या रात्रीच लावायची. पहिल्या खेपेला वितळलेलं मेण कडेपर्यंत पोहोचू द्या, त्याला तीनेक तास लागतात. आधी विझवली तर मधोमध खड्डा पडतो आणि पुढे वात त्यातच बुडते.