पेचेनेग की किपचाक, भारी कोण?

दोघंही मध्ययुगातल्या भटक्या टोळ्या, तुर्की कुळातल्या भाषा बोलणारे, घोड्यावरचे, काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ पट्ट्यातले, त्यामुळे लोक सरळ एकाच पोत्यात घालतात, पण फरक बराच आहे.

पेचेनेग आधी आले. बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा पेचेनेगांचे 8 गट सांगतो, 4 नीपर नदीच्या अलीकडे नि 4 पलीकडे, प्रत्येकाचा सरदार वेगळा, वर राजा असा कोणी नाहीच. 972 मध्ये रूसचा राजा स्व्यातोस्लाव नीपरच्या धबधब्यांपाशी यांच्या तावडीत सापडला नि त्यांच्या कुर्या नावाच्या सरदाराने त्याच्या कवटीला सोनं मढवून प्यायचा पेला केला असं रशियन बखरीत आहे, काय डेंजर लोक! पण 1091 ला लेवुनियनच्या लढाईत बायझंटाइन फौजेनं त्यांना पार झोपवलं, आणि मदतीला कोण, तर हेच किपचाक (बायझंटाइन लोक त्यांना कुमन म्हणत).

राजा किपचाकांनाही नव्हताच, पण पसारा केवढा, डॅन्यूबपासून थेट कझाकस्तानापर्यंत. त्यांचे दगडी पुतळे अजून आहेत, दोन्ही हातांनी पोटाशी वाटी धरलेले. 1223 ला काल्का नदीपाशी मंगोलांनी त्यांना हाणलं, मग त्यांचा एक खान (म्हणजे सरदार) कोतेन हंगेरीत पळाला नि 1241 ला तिथेच मारला गेला. पण इजिप्तचा सुलतान झालेला बैबार्स किपचाकच, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि 1260 ला ऐन जालूत इथल्या लढाईत मंगोलांना हरवणाऱ्या फौजेत तो होता!

माझं मत किपचाकांनाच, कवटीचा पेला कितीही फेमस असला तरी.