आपोआप बंद होणारं खुराड्याचं दार: काम चोख, मोजणी मात्र आपलीच

मुलानं ऑनलाइन मागवून पाठवलेलं हे दार आमच्या इंदूरजवळच्या राऊ गावातल्या घरी पावसाळ्याच्या तोंडावर बसलं. आता थंडी सरत आली, म्हणजे पाऊस, धुकं, लाइट जाणं सगळं त्याचं पाहून झालं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच साच्यातली वस्तू चार-पाच नावांनी विकली जाताना दिसते, त्यामुळे नावाला फारसा अर्थ नाही. आम्हाला साडेआठ हजारांना पडलं.

वस्तू साधी आहे. अ‍ॅल्युमिनियमचा सरकता पत्रा, दोन्ही बाजूंना खाचा, वर डबी, डबीत मोटार आणि उजेड ओळखणारा सेन्सर. अंधारलं की पत्रा खाली, उजाडलं की वर. सेलवर चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. मोबाइलचं अ‍ॅपही आहे; ते मुलानं बघितलं, आम्ही नाही.

आधी हे सांगायला हवं की दार हा खुराड्याचा सर्वांत छोटा भाग. कोंबड्या रात्री जातात त्या बहुतेक जाळीतून. ती षटकोनी भोकांची बारीक तारेची ‘मुर्गा जाली’ कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रं दातांनी ओढून फाडतं, घूस भोकातून नाही तर खालून शिरते, आणि बोका पंजा आत घालून दांडीवर झोपलेल्या कोंबडीला जाळीशी खेचतो. आम्ही इंदूरच्या सियागंज बाजारातून अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यावर वेल्ड केलेली मजबूत जाळी, आणून मिस्त्रीकडून चारही बाजूंना आणि वरूनही लावून घेतली. खाली हातभर रुंदीचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर माती-दगड टाकले. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, त्याला खाली जाळी लागते आणि ते सोडून देतं. हे झालेलं नसेल तर साडेआठ हजार दारात घालू नका, जाळीत घाला.

आमच्याकडचा रात्रीचा मुख्य पाहुणा म्हणजे उदमांजर. इथे त्याला कबर बिज्जू म्हणतात आणि मुडदे उकरतो म्हणून सांगतात. मुडद्यांचं माहीत नाही, पण शेजारच्या पडक्या वाड्याच्या माळ्यावर ते राहतं आणि आमच्या पपया खातं. झाडावर मांजरासारखं चढतं, पत्र्यावर चालतं. शेजारच्या काकूंनी विष ठेवायचा सल्ला दिला होता. एक तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, मुंगसालाही आहे. आणि दुसरं, विषानं पहिल्यांदा मरतं ते गल्लीतलं कुत्रं, किंवा विष खाल्लेला उंदीर धरणारं घुबड.

आता दाराची खरी परीक्षा. जुलैत माळव्यातलं आभाळ असं भरून येतं की दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. सेन्सर बिचारा ते संध्याकाळ समजतो. कोंबड्या सीताफळाखाली आडोशाला आणि दार बंद! म्हणून त्यात ‘उजेड आणि वेळ’ दोन्ही मिळून पाहणारी जी जोड-सोय आहे ती लावून घ्या: ठरलेल्या वेळेआधी काळोख झाला तरी पत्रा हलत नाही. नुसत्या टायमरवर मात्र राहू नका. इंदूरला डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, म्हणजे दर काही आठवड्यांनी वेळ बदलत बसा. सकाळचंही तसंच. कारखान्याच्या सेटिंगवर दार फटफटताच उघडतं, आणि बोका, कुत्री त्याच वेळी परतीच्या वाटेवर असतात. आम्ही सातला ठेवलं आहे. आणि गल्लीतला एलईडी सेन्सरच्या तोंडावर पडत असेल तर डबी वेगळ्या भिंतीला लावा, नाहीतर त्याला रात्र कधी होतच नाही.

खालचा उंबरठा हा या वस्तूचा सगळ्यात कच्चा भाग. पत्रा जिथे टेकतो त्या खाचेत तूस, विष्ठा, ओली माती साचते. पायाखाली भुसा टाकणाऱ्या कुणाच्याही खुराड्यात हे होणारच. पत्रा बोटभर वर अडकला की डबी ‘अडथळा’ समजून पुन्हा उघडते, आणि थोडं थांबून परत प्रयत्न करते. हे कोंबडीची मान चेपू नये म्हणून आहे, चांगलंच आहे, पण घाण असेल तर रात्रभर वर-खाली चालू राहतं. जुन्या दातघासणीनं खाच साफ करते, दुसरा उपाय नाही. घेताना एवढं बघा की पत्रा दोरीला टांगलेला नसून दातेरी पट्टीवर चढतो. दोरीचा पत्रा खालून नाकानं उचलला जातो, दातेरी पट्टीचा जागचा हलत नाही.

बाकी ज्या गोष्टी याच दुकानात ‘सोबत घ्या’ म्हणून दाखवतात, त्यातला जनावरांना बिचकवायचा लाल लुकलुकणारा सौर दिवा आम्ही लावला. पहिले काही दिवस बोका बिचकला, मग त्याच्याच खाली येऊन बसायला लागला. आवाजानं जनावरं पळवायचं यंत्र घेतलं नाही.

दार एक गोष्ट करत नाही: मोजत नाही. आमच्याकडे झाबुआहून आणलेल्या कडकनाथ आहेत. २०१८ मध्ये जिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं हीच ती जात, चोच-तुऱ्यापासून मांसापर्यंत काळी. खुराड्यापेक्षा त्यांना जांभळाची फांदी पसंत. एखादी वर चढून बसली की अंधारात ती दिसतच नाही, दार शिस्तीत बंद होतं आणि ती बाहेर, उदमांजराच्या वाटेवर. अंधारात कोंबडीला धड दिसत नाही. एकदा बसली की खाली उतरत नाही, पळतही नाही. म्हणून सासूबाई, ज्या स्वतः अंड्याला हात लावत नाहीत, रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन दांडीवरची डोकी मोजतात. ‘दारानं सांगितलं बंद म्हणून आत सगळ्या आल्या असं नाही गं,’ त्या मला म्हणाल्या. कमी भरली की ह्यांना शिडी लावावी लागते. फांदीवरची कडकनाथ हातानं उचलली तर मुकाट्यानं येते, हे एक बरं.

दिवसा येणाऱ्या मुंगसाचं हे दार काही करू शकत नाही. तो उजेडात फिरणारा, त्यासाठी अंगणाला वेगळी जाळी.

कुणी घ्यावं? ज्यांना संध्याकाळी घरी यायला उशीर होतो, किंवा रविवारी महूला, मांडूला गेलं की परतताना खुराड्याचीच चिंता असते, त्यांनी घ्यावं. घरात रोज दिवेलागणीला कुणी असेल आणि खुराड्याला चांगली कडी असेल तर गरज नाही. कडीत एक बोल्ट मात्र घाला. सेल कमी झाल्याची खूण डबीवर दिसते, पण दिवसा उन्हात ती वाचता येत नाही, त्यासाठी माझे दोन गुण कमी. वॉरंटीचा कागद जपून ठेवला आहे. सुट्या भागांची चौकशी केली तेव्हा नुसती मोटार मिळत नाही, अख्खी डबी घ्यावी लागते असं कळलं.