क्लोजिंग क्रेडिटच्या नावाखाली गेलेले माझे १२,००० डॉलर

न्यू जर्सीतील आमचे घर आम्ही एजंटाशिवाय विकले. मागणी ४,६०,००० डॉलरची होती, आणि पाच टक्क्यांच्या हिशेबाने होणारे २३,००० डॉलर कमिशन वाचवावे, हा माझा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. खरेदीदार मराठीच, आमच्याकडे चहाला येऊन गेलेला. त्याने ४,७२,००० देऊ केले आणि त्यातले १२,००० क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होतानाच्या, खर्चासाठी क्रेडिट म्हणून (मी त्याला परत द्यायचे) मागितले. "काका, तुमच्या हातात ४,६०,००० पडणारच, आणि बँकेची ही अटच आहे," असे तो म्हणाला. बँकेची अशी अट नसते. दहा टक्क्यांहून कमी डाउन पेमेंटच्या कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या, कर्जात विक्रेत्याने अशा खर्चापोटी तीन टक्क्यांपर्यंतच द्यावे, एवढी मर्यादा असते. द्यायलाच हवे, असे नाही. कोणी असे सांगितले तर कर्ज देणाऱ्याकडून लेखी मागा.

करार त्यानेच आणला होता. एका ओळीत ठोक १२,००० चे क्रेडिट होते आणि लगेच खालच्या ओळीत, अप्रेझल (कर्ज देणाऱ्याने करून घेतलेले घराचे मूल्यांकन) कमी आल्यास किंमत तेवढी उतरेल, असे होते. पत्नीने त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "मग क्रेडिटही उतरणार ना?" मी तिला गप्प केले आणि सही केली. तो क्षण मला अजून झोपू देत नाही.

अप्रेझल ४,६०,००० आले. किंमत उतरली, क्रेडिट मात्र जागच्या जागी राहिले, आणि इतर खर्च वजा होण्याआधीच माझ्या वाट्याला ४,४८,००० उरले. विक्रेत्याने राज्याला द्यायची ट्रान्सफर फी मात्र कागदावरच्या ४,६०,००० वर भरावी लागली. त्याआधी आलेली, एक डॉलरही परत न मागणारी ४,५५,००० ची ऑफर मी स्वतः नाकारली होती. ऑफरचा वरचा आकडा पाहू नका, हातात किती उरते ते पाहा. नव्या घराची तारीख ठरलेली असल्याने मला मागे फिरता आले नाही. पुढे एका परिचिताकडून कळले, की खरेदीदाराचा क्लोजिंगचा खर्च बराच कमी होता आणि उरलेले पैसे त्याने पॉइंट्स, म्हणजे व्याजदर उतरवण्यासाठी कर्ज देणाऱ्याला आधीच भरायची रक्कम, घेण्यात घातले.

मालकीची कागदपत्रे तपासून व्यवहार पुरा करणारी टायटल कंपनी म्हणाली, आम्ही तटस्थ. कर्ज देणाऱ्यांनी मी त्यांचा ग्राहक नाही म्हणून फोन ठेवला. पोलिसांनी हे दिवाणी प्रकरण ठरवले. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयाने सात आठवडे लावून, दोनदा तीच कागदपत्रे मागवून, शेवटी दोन खाजगी व्यक्तींमधील व्यवहार आपल्या कक्षेत येत नाही, एवढे एका ओळीत कळवले. हे पहिल्याच दिवशी सांगता आले नसते का? वकिलाने सल्ल्याचे ४५० डॉलर घेऊन सांगितले, की एजंटाने तयार केलेल्या करारात वकिलाकडून तपासून घेण्यासाठी जे तीन कामकाजाचे दिवस मिळतात, ते आमच्या आपापसातल्या कराराला आपोआप मिळतच नव्हते. म्हणून वकील सहीच्या आधी गाठा, आणि किंमत उतरली तर क्रेडिटही तेवढेच उतरेल, हे वाक्य करारात लिहून घ्या. माझ्या करारात ते नव्हते, आणि खरेदीदार आता माझा फोन उचलत नाही.